एल्बोखालची टोळी

सुभद्राबाईला झाडू मारताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच कळलं, ही बाई अंग राखणारी नाही. बहुतेक माणसांचा झाडू मनगटातून हलतो. तिचा कमरेतून यायचा. कोयता चालवलेलं अंग असंच चालतं. मी सगळी नोकरी पाने-पकडी आणि पाइप यांत काढली. कोण अंग चोरतो आणि कोण अंग घालतो, एवढं मला ओळखता येतं. बाकीचं शिकलेल्यांनी ओळखावं.

अंबाजोगाईत एक मोठं मुलींचं वसतिगृह आहे. त्याच्या मागे सांडपाण्याचं केंद्र. न्हाणीघरं, संडास, स्वयंपाकघर, सगळं पाणी तिथे येतं. आधी जाळीत कचरा अडतो. मग पाणी हवेच्या हौदात जातं, तिथे ब्लोअर खालून बुडबुडे सोडतो. पुढच्या हौदात गाळ तळाला बसतो, वरचं पाणी निवळतं आणि पेरूच्या बागेला जातं. बसलेला गाळ परत हवेच्या हौदात सोडायचा. मी तिथला फिटर होतो. हौदाची राखण सुभद्राबाईकडे.

ती पाटोदा तालुक्यातली. अर्धं आयुष्य उसाच्या फडात गेलं. दसरा झाला की टोळी निघायची, पाडव्याच्या आसपास परतायची. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा वारला तेव्हा ती अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्याला मुकादम कुणाच्याही जोडीला लावतो. मग तोडणी दुसऱ्याच्या तालावर करायची आणि मोळी आपल्या डोक्यावर वाहायची. वसतिगृहात काम लागल्यावर ती मला म्हणाली होती, "भाऊ, औंदा मी दसऱ्याला अन् पाडव्याला एकाच दारापुढं रांगोळी काढली." त्यानंतर तिने ती रांगोळी कधी चुकवली नाही.

तिचं एकच वेड, स्वच्छता. हौदाचे काठ घासायचे, पायऱ्या घासायच्या. लांब बांबूला काथ्याचा ब्रश बांधून ती हौदाच्या भिंतीही घासायची. मी म्हणायचो, "बाई, हे सांडपाण्याचं केंद्र हाय, देवघर न्हाई."

"मंग काय झालं? घाण पाण्यात हाय. ती माझ्या भिंतीला कावून लागावी?"

कामावर ठेवताना तिला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. हवा बंद पडू द्यायची नाही, जाळी तुंबू द्यायची नाही, गाळ परत सोडायचा. गाळ तपकिरी दिसला की बरा, काळा पडला की वाईट, हे ती स्वतःच शिकली. पण गाळ म्हणजे नक्की काय, हे तिला कुणी सांगितलं नाही. मलाही नाही. मला वाटायचं, ताक घुसळतात तसं बुडबुडे पाणी घुसळतात आणि घाण वेगळी होते.

एका वर्षी, पावसाळा सरत आला असताना, स्वप्नाली आली. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याची मुलगी. संभाजीनगरला सूक्ष्मजीवांवर संशोधन करत होती. पायात साधी चप्पल, खांद्यावर बर्फाचा डबा. तिने हवेच्या हौदातला गाळ एका बाटलीत घेतला, बाटली बर्फात ठेवली. चहा प्याली. कप स्वतः विसळला. सुभद्राबाईने तिथेच तिला पास केलं.

"पुन्हा येईन, मावशी," एवढं बोलून ती गेली.

पुढच्या खेपेला घोळ झाला.

आमचे अधीक्षक सोमेश्वर साहेब. माणूस वाईट नाही, पण अर्धं बोलतो आणि अर्धं मनात ठेवतो. त्यांनी फोनवर सुभद्राबाईला सांगितलं, "उद्या त्या मॅडम परत येतायत. तुमच्या हौदात किती जातीचे जंतू आहेत ते मोजणार आहेत."

मी त्या दिवशी पाहुण्यांकडे साखरपुड्याला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आलो तर केंद्राच्या फाटकापुढे रांगोळी. पायऱ्या अशा धुतलेल्या की चप्पल काढावी वाटली. सुभद्राबाई ठेवणीतलं पातळ नेसून उभी. हौदावरून वास मात्र येत होता धुण्याचा.

"बाई, हे काय?"

"काय न्हाई. पाहुणे यायलेत. घर नीट केलं."

हौदात डोकावलो. गाळाचा रंग उतरला होता. रोज तपकिरी असणारं पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसत होतं. भिंतीशी ब्लीचिंग पावडरची पोती पडली होती, रिकामी, घडी घालून. ती पावडर बागेला जाणाऱ्या पाण्यात चिमूट चिमूट टाकायची होती. बाईने ती सगळी हवेच्या हौदात ओतली होती आणि बांबूने ढवळलीही होती. मेहनत बघा. ती पोती एकट्याने उचलायची म्हणजे गड्याचंही कंबरडं मोडतं.

स्वप्नाली आली. हौदाकडे बघितलं. बर्फाचा डबा हळूच खाली ठेवला.

"मावशी, हे काय झालं?"

सुभद्राबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मोजा आता. एक जरी जंतू घावला तर मला सांगा."

पोरगी पायरीवरच बसली. हसली नाही, ओरडली नाही. पुढे मला ती म्हणाली की तिला दोन्ही करायचं होतं, म्हणून काहीच केलं नाही. मग तिने सुभद्राबाईला शेजारी बसवलं.

"मावशी, जंतू सगळेच रोग देत नाहीत. तुमचा गाळ म्हणजेच जंतू. त्यांचे पुंजके. घाण तेच खातात. ब्लोअर हवा सोडतो ती त्यांना श्वास घ्यायला. गाळ परत का सोडायचा? तर गडी परत कामावर लावायला."

सुभद्राबाई हौदावर वाकली.

"म्हंजी ही टोळी हाय?"

"टोळीच."

"अन् मी टोळीच्या भाकरीत इख घातलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"कावून न्हाई सांगितलं?" हे तिने माझ्याकडे बघून विचारलं. मी ब्लोअरकडे बघितलं. ब्लोअर चालू होता. त्याच्याकडे बघायला काही कारण नव्हतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. घाण खाणारे मेले, घाण येत राहिली. पाणी निवळेना. वास वसतिगृहाच्या खिडक्यांपर्यंत गेला. मुली खिडक्या लावून बसल्या. पेरूच्या बागेचं पाणी बंद केलं. सोमेश्वर साहेब नाकाला रुमाल लावून आले.

"हौद उपसून टाकू. ठेकेदार आहे एक. धुऊन, नवीन मसाला टाकून चालू करून देतो म्हणतो."

"अन् मंग?" सुभद्राबाईने विचारलं.

साहेबांनी अर्धं सांगितलं. "मग केंद्र त्याच्याकडेच राहील. त्याची माणसं असतात."

उरलेलं अर्धं आम्हाला कळलं.

तेवढ्यात अजिनाथ मुकादम उगवला. हा तिचा जुना मुकादम. दसऱ्याआधी टोळी जुळवायला फिरायचा, जाताना तिच्याकडे चहा घ्यायचा. वास घेऊनच त्याने काय ते ओळखलं.

"सुभद्राबाई, इथलं काय खरं दिसना. अर्धा कोयता मोकळा होतोय का? सांगून ठेव. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक निघतोय. हितूनच जाईल."

"चहा पी अन् नीघ," ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही. त्या दिवशी तिने पहिल्यांदा झाडू मनगटातून मारला.

स्वप्नाली साहेबांकडे गेली. मी दाराबाहेर पाइप बघत उभा होतो. तिथे पाइप नव्हता. ती म्हणाली, "सर, हौद उपसू नका. दसऱ्यापर्यंत द्या. दुसऱ्या चालू हौदातला गाळ आणून टाकतो. आणि मी जनुकांवरून तपासून सांगते, आत कोण जगलंय, कोण वाढतंय. वाढत नसतील तर तुम्ही म्हणाल तसं."

साहेबांना हे परवडणारं होतं, कारण यात त्यांना काही करायचं नव्हतं. "दसऱ्यापर्यंत," ते म्हणाले. गाळ आणायला वसतिगृहाचा टेम्पो मात्र देईनात. "त्यात मुलींचा भाजीपाला येतो." हे त्यांचं बरोबर होतं.

परळीच्या रस्त्यावर एक दूध डेअरी आहे. तिथेही असाच हौद. तिथला गाळ द्यायला त्यांची हरकत नव्हती. उलट न्यायला कुणी आलं याचं त्यांना नवल वाटलं. आम्ही कॅन भरले आणि एसटीत चढवले. भरलेला कॅन उचलणं वेगळं आणि हिंदकळणारा कॅन उचलणं वेगळं. हिंदकळणारा कॅन माणसाला आपल्या मर्जीने चालवतो. सुभद्राबाईने दोन्ही हातांत एकेक घेतला आणि पायरी चढताना थेंब सांडला नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढलेल्या बाईला एसटीची पायरी काय.

स्वप्नालीने बजावलं होतं, झाकणं घट्ट लावू नका, जीव गुदमरेल. सुभद्राबाईने हे मनावर घेतलं. गाडी सुटताच तिने सगळी झाकणं काढली. पुढच्या बाकावरची एक म्हातारी वळली. मग सगळी गाडी वळली.

कंडक्टर नाक धरून आला. "बाई, काय हाय त्यात?"

"टोळी हाय."

"कसली टोळी?"

"डेअरीची. कामाला चालवली."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर.

"ओ काका, ह्या तुमच्या कोण?"

"शेजारच्या बाकावर हायेत," मी म्हणालो.

"झाकण लावा, न्हाईतर उतरा."

"लावते की," सुभद्राबाई म्हणाली. "पर ह्यांना वारा लागतो. तुमीच बघा, बंद गाडीत माणसाला किती कोंडल्यागत होतंय."

मागून एक गडी ओरडला, "मास्तर, त्यांची बी तिकिटं फाडा, मोजून घ्या!" गाडी हसली. हसताना तोंड उघडावं लागतं आणि मग वास आत जातो, म्हणून लवकरच शांत झाली. शेवटी झाकणं अर्धी लावायचं ठरलं आणि आमच्याकडच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. अशा आम्ही बऱ्याच खेपा केल्या. पुढे पुढे तो कंडक्टर आम्हाला बघून घंटी आधीच वाजवायचा, पण सुभद्राबाई पळत्या गाडीला हात घालणारी. ती काय सोडते.

डेअरीचा गाळ हौदात पडला. सुभद्राबाईने नव्या टोळीची बडदास्त ठेवली. हौदाशेजारी बसून विचारायची, "बरंय का?" हौदावर फेस आला. ती म्हणाली, "बघा, कामाला लागले." मग फेस गेला आणि पाणी पुन्हा गढूळच. ती म्हणाली, "दुधावर वाढलेली पोरं ही. आपल्या पोरींच्या पातळ आमटीवर कशी टिकायची?" तिने स्वतःचं ताकही हौदात ओतलं. स्वप्नालीने ते बंद करायला लावलं.

स्वप्नाली मधून मधून येऊन बाटल्या भरत होती. एकदा सुभद्राबाईने विचारलं, "ह्या बाटलीत तुला दिसतंय काय गं?"

"दिसत काहीच नाही, मावशी. गाळातून डीएनए काढायचा. डीएनए म्हणजे प्रत्येक जिवाच्या अंगातला लिहिलेला मजकूर. सगळ्या जंतूंमध्ये एक जनुक असतं, तेवढाच तुकडा आम्ही वाचतो. प्रत्येकाचा थोडा थोडा वेगळा असतो. त्यावरून घराणं कळतं."

"आडनावावानी?"

"अगदी. आडनाव वाचायचं, गाव ओळखायचं. कोणत्या आडनावाची किती माणसं, ते मोजायचं."

"मंग डेअरीवाले वेगळे कळतील?"

"कळतील. आणि तुमचे जुनेही कळतील. पहिल्या खेपेला मी बाटली नेली होती ना, ब्लीचिंगच्या आधी? त्यातली आडनावं माझ्याकडे आहेत."

ब्लीचिंगनंतरच्या पहिल्या बाटलीचा निकाल आला तेव्हा सुभद्राबाई टाळ्या वाजवायच्या बेतात होती. जुनी आडनावं त्यात होती.

"हायेत की माझी!"

"थांबा, मावशी. मेलेल्यांचाही डीएनए काही दिवस तसाच पडून राहतो. यंत्र वाचतं, पण जिवंत का मेलेला ते सांगत नाही."

"मतदारयादीवानी?" मी विचारलं.

"तसंच, काका. माणूस जातो, नाव राहतं. म्हणून एकदा वाचून भागत नाही. पुन्हा वाचायचं. मेलेल्यांची नावं कमी होत जातात. जिवंतांची वाढतात."

दसरा जवळ येत होता. तिने केंद्रालगतच्या आपल्या खोलीच्या माळ्यावरचा कोयता काढला. धार लावली नाही. नुसता पुसून भिंतीला टेकवला. मी बघितलं आणि ब्लोअरला तेल घालायला गेलो. बोलण्यात मेहनत नसते, म्हणून त्याचा उपयोगही कमी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्वप्नाली शेवटच्या बाटल्यांचा निकाल घेऊन आली. सोमेश्वर साहेबही आले. नाकाला रुमाल नव्हता, हे मी आधी टिपलं. हौदातलं पाणी तपकिरी होऊ लागलं होतं. पुढच्या हौदात वरचं पाणी, निवळ नाही म्हणणार, पण तळाची कडी दिसत होती.

स्वप्नालीने लॅपटॉप पायरीवर ठेवला. पडद्यावर रंगीत पट्ट्या होत्या, बांगड्यांच्या दुकानासारख्या.

"हे पिवळे डेअरीचे. टाकले तेव्हा एवढे होते. मग कमी. आता बघा, बोटभर."

"पळाले," सुभद्राबाई म्हणाली. "मला वाटलंच हुतं. एसटीतच तोंडं पाडली हुती त्यांनी."

"अगदी पळाले नाहीत, थोडे टिकलेत. सुरुवातीला काम त्यांनीच धरलं. आता हे निळे बघा. आधी मेल्यात जमा. मग थोडे. मग जास्त. आज निम्मी पट्टी निळी आहे. सर, हे वाढतायत म्हणजे जिवंत आहेत. हौद उपसायची गरज नाही."

"निळे कुणाचे?" साहेबांनी विचारलं.

"मावशींचे. पहिल्या बाटलीतले."

सुभद्राबाईने पदर तोंडाला लावला. पण लगेच काढला आणि भुवया चढवल्या. "ते जगले कुठं? मी तर समदं ढवळलं हुतं. कोपरा न् कोपरा."

"हेच मलाही कळत नव्हतं," स्वप्नाली म्हणाली. "म्हणून आज थोडं खरवडून बघायचंय. अशी जागा, जिथे गाळ जाड थरात बसलेला असेल. थर जाड असला तर ब्लीचिंग वरवर मारतं, आतले वाचतात."

"माझ्या हौदात असली जागा न्हाई," सुभद्राबाई ताठ होऊन म्हणाली.

मला एक जागा माहीत होती. हवेचा पाइप हौदाच्या कोपऱ्यात वळतो तिथे एल्बो आहे, आणि एल्बो भिंतीला इतका लागून बसवलाय की मधे हात जात नाही, ब्रश तर नाहीच. ज्याने बसवला त्याने अंग चोरलं होतं. मी त्याला मनात वर्षानुवर्षं शिव्या दिल्या. मी पाइपावरून वाकलो, पत्र्याची पट्टी एल्बोच्या मागून खाली घातली आणि ओढली. पट्टीवर लोण्यासारखा गाळ आला. जाड, तपकिरी, ताजा.

"हे!" स्वप्नाली ओरडली. "मावशी, इथेच! इथून परत पसरले. याचीही आडनावं वाचून घेते, पण मी पैज लावते."

आम्ही सगळ्यांनी सुभद्राबाईकडे बघितलं. आता ती नाचेल, असं साहेबांना वाटलं असावं. ती लाल झाली होती.

"इतकी घाण? माझ्या हौदात? इतकी वर्षं?" आणि तिने बांबूचा ब्रश उचलला.

मी ब्रश धरला. स्वप्नालीने बांबू धरला. बाईला आवरणं म्हणजे बैल आवरणं. साहेब प्रथमच पूर्ण वाक्य बोलले. "सुभद्राबाई, त्या जागेला ब्रश लावलात तर मी तुम्हाला कामावरून काढीन, आणि नाही लावलात तर तुम्ही इथेच राहणार आहात!"

तिने ब्रश सोडला. पण एल्बोवरची नजर सोडली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला. वर माणसं, भांडी, शेळी, पोरं. अजिनाथने खाली उतरून विचारलं, "काय ठरलं, बाई? जागा ठेवलीय."

"दुसरीला दे. माझी टोळी हितंच हाय."

"कुठंय?" त्याने इकडेतिकडे बघितलं. मी होतो आणि ब्लोअर होता.

"दिसत न्हाई डोळ्यानं," सुभद्राबाई म्हणाली. "चहा पी."

चहा पिऊन तो गेला. तिने कोयता उचलून पुन्हा माळ्यावर टाकला आणि झाडू घेतला. कमरेतून.

मी आता निवृत्त आहे. कधीतरी चक्कर मारतो. पेरू बरे लागतात. एल्बोच्या खालच्या भिंतीवर तिने चुन्याची रेघ ओढलीय. रेघेच्या अलीकडे भिंत आरशासारखी. पलीकडे ब्रश जात नाही. साहेबांचे वरचे कुणी बघायला आले की ती सगळं केंद्र हौसेने दाखवते आणि त्या कोपऱ्यापुढे पदर पसरून उभी राहते.

"तिथं काय हाय?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "तुमी चला पुढं."